घरावर जप्ती येतेय, सरकारनं मदत करावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीची बरीच वर्षं सहकारी बँकेच्या वसुली खात्यात गेली. आता सांगलीत घरी असतो, आणि ज्यांच्याकडं मी एकेकाळी वसुलीला जायचो तसेच लोक व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिशीचे फोटो पाठवतात. मिरज, कुपवाड, विटा, कराड, फलटण, कोरेगाव, गाव कुठलंही असो, प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. आधी प्राथमिक गोष्टी, मग सरकारच्या मदतीचा वाद, शेवटी अडचणीचे अपवाद. कायद्याची चौकट इथं मिळेल. तुमच्या कागदांवर सल्ला मात्र वकिलाचाच घ्या.

१. दोन हप्ते थकलेत. बँक लगेच घर काढून घेणार का?

नाही. हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादक, म्हणजे बोलीभाषेत ‘एनपीए’ होतं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारणातून वसुली करू देणारा कायदा) ६० दिवसांची मागणी नोटीस येते. ते ६० दिवस संपल्यावर ताब्याची पायरी. म्हणजे पहिला हप्ता चुकल्यापासून किमान पाच महिने हातात असतात. बहुतेक लोक हे पाच महिने फोन न उचलण्यात घालवतात. दोन हप्ते थकलेत तर आजच शाखेत जा, पगार का थांबला किंवा माल का अडकला हे लेखी द्या आणि हप्ता बसवून मागा. एनपीए होण्याआधी शाखाधिकाऱ्याच्या हातात बरंच असतं, नंतर फाईल वसुलीकडं जाते.

२. दारावर ताब्याची नोटीस चिकटवलीय. म्हणजे घर गेलं?

अजून नाही. तीन कागद वेगळे ओळखा: मागणी नोटीस, ताबा नोटीस आणि लिलावाची जाहिरात. दारावर चिकटवलेली आणि दोन वर्तमानपत्रांत छापलेली ताबा नोटीस बहुतेक वेळा प्रतीकात्मक ताब्याची असते. तुम्ही घरातच राहता, पण घर विकायचा किंवा भाड्यानं द्यायचा अधिकार अडकतो.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडं किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करते. आदेश ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. मग तहसील कार्यालयाची माणसं, बँकेचा प्राधिकृत अधिकारी, दोन पंच आणि पोलिस बंदोबस्त दारात येतो.

त्या दिवशी काय होतं ते सांगतो, कारण लोकांना त्याची कल्पना नसते. पंच एकेका खोलीतलं सामान लिहून घेतात: लोखंडी कपाट, फ्रीज, गाद्या, पिंप. मिरजेतल्या एका घरात बाई घरघंटीवर दळण दळून द्यायच्या. पंचनामा चालू असताना शेजारणींचे चार डबे ओळीनं मांडलेले होते, चिठ्ठ्या लावलेले. घरघंटी तारणात नव्हती आणि डबे तर त्यांचेही नव्हते, तरी सगळं आत ठेवून कुलूप लावून सील करायची घाई झाली होती. शेवटी मंडल अधिकाऱ्यांनी थांबवलं. लक्षात ठेवा, तारण घराचं असतं, घरातल्या वस्तूंचं नाही. सामान बाहेर काढायला वेळ मागा आणि पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय सही करू नका.

३. लोक म्हणतात नोटीस घेऊच नका. खरं आहे का?

हा सल्ला देणाऱ्याचं घर तारण नसतं. पोस्टानं आलेली नोटीस नाकारली तरी ती पोचली असंच धरलं जातं. वरून दारावर चिकटते आणि पेपरात छापूनही येते.

नोटीस घ्या आणि ६० दिवसांच्या आत लेखी हरकत द्या. तुमच्या हरकतीला १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे. हरकत काय घ्यायची? खातेउतारा मागवा आणि पेन घेऊन बसा. ‘इतर आकार’, ‘नोटीस फी’, ‘मूल्यांकन खर्च’, ‘विमा हप्ता’ अशा नोंदी एकेक करून विचारा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार थकबाकीवर दंडव्याज लावता येत नाही, फक्त वाजवी दंड आकारता येतो, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. जुन्या सवयीच्या संगणकप्रणालीत हे अजून चुकतं.

दुसरी एक तरतूद बहुतेकांना ठाऊक नसते. देणं मूळ मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी उरलं असेल, तर सरफेसीची कारवाई करता येत नाही. वीस वर्षांचं कर्ज सतराव्या वर्षी थकलं असेल, तर आधी हे गणित करा.

वसुली प्रतिनिधीनं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांत बदनामी करायची नाही. तसं झालं तर बँकेकडं लेखी तक्रार करा, आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा.

४. माझं कर्ज पतसंस्थेचं आहे. तिथंही हेच नियम?

नाही, आणि इथंच आपल्या भागातले निम्मे लोक फसतात. सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था या वेगळ्या गोष्टी आहेत.

सहकारी बँकेला सरफेसी लागू आहे. त्यावर बरीच वर्षं वाद होता. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढं गेला आणि मे २०२० मध्ये निकाल बँकांच्या बाजूनं लागला.

पतसंस्थेची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालते. कलम १०१ चा वसुली दाखला सहकार खात्याच्या निबंधकाकडून मिळतो, मग कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणं जप्ती आणि लिलाव. वसुली दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर आधी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते. म्हणून दाखला निघण्याआधीच्या सुनावणीला हजर राहणं सगळ्यांत महत्त्वाचं. ‘तारीख आहे, पण शेतात काम आहे’ म्हणून न गेलेल्या माणसाला नंतर निम्मी रक्कम उभी करताना मी पाहिलंय. प्रश्न ३ मधले रिझर्व्ह बँकेचे नियम पतसंस्थेला लागू नाहीत. तक्रार उपनिबंधकाकडं करायची.

५. लिलाव थांबवायला सरकारची एखादी योजना आहे का?

स्पष्ट सांगतो, घरकर्ज थकलेल्या माणसाचा लिलाव थांबवणारी चालू योजना केंद्राचीही नाही आणि राज्याचीही नाही. यूट्यूबवर ‘घरकर्ज माफ’ म्हणून जे फिरतं त्यावर प्रक्रिया शुल्क म्हणून पैसे पाठवू नका.

पंतप्रधान आवास योजनेचं व्याज अनुदान घर घेण्यासाठी आहे, वाचवण्यासाठी नाही. सध्याच्या शहरी २.० योजनेत २५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान मिळतं, तेही पाच वार्षिक हप्त्यांत, जास्तीत जास्त १.८० लाख. म्हणजे सरकार घर घेताना पाठीवर हात ठेवतं आणि घर जाताना तोंड फिरवतं. मला यातलं हेच सर्वांत खटकतं.

मग आहे काय? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मदत (महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना वकील मोफत), लोकअदालत, आणि सहकारी बँका व पतसंस्थांच्या एकरकमी किंवा सामोपचार परतफेड योजना. सामोपचार हा तुमचा हक्क नाही, बँकेची मर्जी आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तसं स्पष्ट केलंय. पण मर्जी मागायला लाज कसली?

६. शेतकऱ्याला कर्जमाफी मिळते. आम्ही पगारदार हप्ते भरतो, आम्हाला का नाही?

हा प्रश्न रागानं येतो, आणि राग समजण्यासारखा आहे. राज्यानं २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंत पीककर्ज माफ केलं. घरकर्ज दोन्हींत नव्हतं.

तरीही घरकर्जाच्या सरसकट माफीला माझा विरोध आहे. कारण पैसा कुणाचा हे मी काउंटरच्या आतून पाहिलंय. आपल्याकडं घरकर्जाचा मोठा भाग सहकारी बँका आणि पतसंस्था देतात. त्या पैशात निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी असते, हळद व्यापाऱ्याकडच्या हमालाची भिशी असते, विट्याहून दूर परराज्यात गलाईचं (सोनं-चांदी गाळायचं) काम करणाऱ्यानं घरी पाठवलेली ठेव असते. माफीची घोषणा झाली की दुसऱ्या दिवसापासून भरणारेही थांबतात, ‘बघू, पुढच्या यादीत आपलं नाव येईल’. २०१७ आणि २०१९ दोन्ही वेळा नियमित भरणाऱ्यांना प्रोत्साहन रक्कम द्यावी लागली, ती याच नाराजीमुळं. सरकारनं बँकेला भरपाई दिली नाही, तर ठेवीदार बुडतो. दिली, तर भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस करातून दुसऱ्याच्या बंगल्याचं कर्ज फेडतो.

आणखी एक फरक आहे. पीककर्ज एका हंगामाचं असतं आणि हंगाम बुडाला की फेडायचं साधनच जातं. घरकर्ज वीस वर्षांचं. त्यातली दोन वर्षं वाईट गेली म्हणून उरलेली अठरा वर्षं वाईट जातीलच असं नाही. इथं माणसाला माफीपेक्षा मुदत लागते.

७. मग सरकारनं नेमकं काय करावं, असं तुमचं म्हणणं आहे?

मदत करावी, पण बुडालेल्याला नाही, बुडत असलेल्याला. हे कठोर वाटेल. म्हणून आकडे घेऊ.

२० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता साधारण १७,९९५ रुपये. पाच वर्षांत माणूस १० लाख ८० हजार भरतो आणि तरी देणं उरतं सुमारे १७ लाख ७४ हजार. आता कुपवाड एमआयडीसीतला कारखाना बंद पडला आणि सहा महिने पगार नाही. बँकेनं सहा महिन्यांची सवलत दिली, पण व्याज मुद्दलात मिळवलं, तर देणं होतं साधारण १८ लाख ५६ हजार. हप्ता तोच ठेवला तर उरलेल्या १८० हप्त्यांचे जवळपास १९९ होतात. सहा हप्त्यांची सुटका आणि एकोणीस हप्त्यांची भर.

त्या सहा महिन्यांचं व्याज आहे किती? महिन्याला साधारण १३,३०० रुपये, सहा महिन्यांचे ८० हजार. तेवढं सरकारनं भरलं, तर माणूस जिथं होता तिथंच राहतो. आणि ही रक्कम फुकट द्यायची गरज नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून अडचणीतल्या घरमालकाच्या व्याजासाठी मिळणारी मदत कर्ज म्हणून दिली जाते आणि घर विकलं जाईल तेव्हा वसूल होते. आपल्याकडं त्यासाठी घराच्या प्रॉपर्टी कार्डावर सरकारचा दुसरा बोजा चढवता येईल. घर विकताना ८० हजार परत. वारसांना दिलं तरी बोजा राहील.

हे कुणाला? राहतं एकच घर, कर्ज ठरावीक मर्यादेत, आणि उत्पन्न थांबल्याचा कागद: कारखाना बंदची नोटीस, साखर कारखान्यानं थकवलेल्या पगाराचा दाखला, दवाखान्याचं बिल, अवकाळीनं गेलेल्या द्राक्षबागेचा पंचनामा. गुंतवणूक म्हणून घेतलेला दुसरा फ्लॅट नाही, आणि घराच्या तारणावर गाडी किंवा लग्नासाठी काढलेलं कर्जही नाही. हा शेवटचा मुद्दा लोकांना आवडत नाही. पण घर तारण ठेवून लग्नात हजार पान उठवलं, तर त्याचं व्याज तासगावच्या मजुरानं करातून का भरावं?

दुसरी गोष्ट पैशाचीही नाही. प्रत्यक्ष ताब्याचा आदेश देण्याआधी जिल्हा पातळीवर एक सक्तीची बैठक व्हावी: बँक, कर्जदार आणि विधी सेवा प्राधिकरणाचा माणूस. खातेउतारा टेबलावर, हप्ता बसतो का ते बघायचं, नाही बसला तर घर स्वतः विकायला तीन महिने द्यायचे. आज हा आदेश कर्जदाराला न ऐकताच होतो, कारण कायद्यानं त्या टप्प्यावर सुनावणी ठेवलेलीच नाही. ही कल्पना नवी नाही, प्रश्न ८ पहा, हे आपल्याच मातीतलं आहे.

आणि ज्याचं उत्पन्न आता परत येणारच नाही त्याचं काय? त्याला घर वाचवायची खोटी आशा दाखवू नये. त्याला चांगल्या भावात घर विकून, देणं फेडून, उरलेल्या पैशात भाड्याच्या घरात सन्मानानं जाता यावं एवढंच सरकारनं पाहावं.

८. सातारा जिल्ह्यात पूर्वी कर्जदाराला वाचवणारा कायदा होता म्हणे. खरं का?

खरं आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला, गहाणखतं आणि वह्या जाळल्या गेल्या. त्याची झळ त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातल्या कोकरूडपर्यंत पोचली. ते आज सांगलीच्या शिराळा तालुक्यात आहे. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो सुरुवातीला चार जिल्ह्यांना लागू होता: पुणे, सातारा, सोलापूर, नगर.

त्या कायद्यानं कर्ज माफ केलं नाही. कोर्टाला रोख्यामागं जाऊन व्यवहार पहिल्यापासून तपासायचा अधिकार दिला, अवाजवी व्याज कापायचा दिला, हप्ते बांधून द्यायचा दिला. कर्जापायी तुरुंग बंद केला. खास गहाण नसलेली जमीन विकायला मनाई केली. आणि दावा लावण्याआधी समेट करणाऱ्यापुढं जाणं सक्तीचं केलं. समेट फसला असा दाखला असेल तरच कोर्टाचं दार.

त्याचे तोटेही झाले. सावकार गहाणाऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले, समेटाची पद्धत पुढं बंद पडली. तरी इंग्रज सरकारला जे सुचलं होतं ते आपल्याला दीडशे वर्षांनी अवघड का वाटावं, हे मला कळत नाही.

९. अमेरिकेत सरकारनं घरं वाचवली होती ना?

दोनदा प्रयत्न झाले, आणि दोन्हींतून शिकण्यासारखं आहे. महामंदीत १९३३ मध्ये तिथल्या सरकारनं एक महामंडळ काढलं. त्यानं बँकांकडून थकलेली घरकर्जं घेतली आणि सुमारे दहा लाख कुटुंबांना लांब मुदतीची, समान हप्त्यांची नवी कर्जं दिली. त्यातल्याही साधारण पाचव्या हिश्शाची घरं नंतर गेलीच. म्हणजे मुदत देऊनही सगळे तरत नाहीत. त्याच वर्षी मिनेसोटा राज्यानं जप्त्या पुढं ढकलणारा कायदा केला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला.

२००८ च्या संकटात आधी बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद झाली. घरमालकांसाठीची योजना २००९ मध्ये आली, ३० ते ४० लाख कुटुंबांचं उद्दिष्ट घेऊन. कायमचा दिलासा त्याहून बऱ्याच कमी लोकांना मिळाला, कारण अर्ज तपासायचं काम वसुली करणाऱ्या कंपन्यांकडंच ठेवलं होतं. म्हणून प्रश्न ७ मधल्या बैठकीत तिसरा माणूस बाहेरचा हवा असं मी म्हणतो.

१०. कोरोनात सहा महिने हप्ते थांबवले होते, तरी कर्ज वाढलं कसं?

सवलत हप्त्याला होती, व्याजाला नव्हती. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातलं व्याज चढतच होतं. व्याजावरचं व्याज तेवढं परत मिळालं: आधी सरकारनं २ कोटींपर्यंतच्या कर्जांना दिलं, मग मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांनाच द्यायला लावलं. ती रक्कम लहान होती. मूळ व्याजानं मुदत कशी लांबते त्याचं गणित प्रश्न ७ मध्ये आहे.

११. महापुरात घर पडलं. आता कर्ज कशाचं?

कर्ज तुमचं, घर असो वा नसो. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा, आणि २०२१ मध्ये पुन्हा, गावभागातून हाच प्रश्न आला. २०२१ च्या दरडींनंतर पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगावसारख्या गावांत तर घराची जागाच उरली नाही.

पहिलं काम, विमा शोधा. कर्ज देताना बँकेनं बहुतेक वेळा घराचा विमा उतरवलेला असतो आणि हप्ता तुमच्याच खात्यातून गेलेला असतो. खातेउताऱ्यात ती नोंद सापडली की पॉलिसीची प्रत मागा. दुसरं, तलाठ्याचा पंचनामा. नैसर्गिक आपत्तीत कर्जाची पुनर्रचना करायला रिझर्व्ह बँकेचे नियम बँकांना वाव देतात, पण बातम्यांत येतं ते बहुतेक पीककर्जाचं. घरकर्जासाठी अर्ज तुम्हीच करायचा. माझ्या मते प्रश्न ७ मधली व्याजाची मदत पूरग्रस्तांना तरी आपोआप मिळायला हवी. नदीचं पाणी चढलं त्यात कर्जदाराचा दोष काय?

१२. घर शेतजमिनीत आहे, एनए (बिगरशेती) नाही. बँक लिलाव करूच शकत नाही ना?

सरफेसी शेतजमिनीच्या तारणाला लागू नाही, हे बरोबर. पण फक्त सातबाऱ्यावर ‘शेती’ लिहिलंय म्हणून सुटका होत नाही. तिथं खरोखर शेती होते का, हे न्यायालय पाहतं. दहा गुंठ्यांवर दोन मजली बंगला आणि पुढं पेव्हिंग ब्लॉक असतील तर ‘ही शेती आहे’ म्हणणं टिकणं कठीण. आणि सरफेसी टळला तरी दिवाणी दावा किंवा सहकार कायद्याची वसुली (प्रश्न ४) उरतेच.

एक वेगळा मुद्दा: शेतकरी किंवा मजुराचं राहतं घर साध्या, विनातारण कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० तसं सांगतं. घर गहाण दिलं असेल, तर हे संरक्षण कामाला येत नाही.

१३. सावकारानं व्याजापोटी घर खरेदीखतानं लिहून घेतलंय. काही होईल का?

होऊ शकतं. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक चौकशी करून असं खरेदीखत रद्दबातल ठरवू शकतात आणि मालमत्ता परत देऊ शकतात. व्यवहार १५ वर्षांच्या आतला हवा. खरेदीनंतरही व्याज देत होतात याचा पुरावा गोळा करा: ऑनलाईन पाठवलेले पैसे, वहीतली नोंद, साक्षीदार. खरेदीनंतरही घरात तुम्हीच राहताय आणि वीजबिल तुमच्या नावावर आहे, हेही उपयोगी पडतं.

१४. मी फक्त जामीनदार आहे. माझ्या घराला धोका आहे?

आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेनं आधी कर्जदाराकडंच जावं असं बंधन नाही. तुमचं घर तारण दिलेलं असेल तर सरफेसीही चालतो. मैत्रीखातर सही करताना ‘नुसती सही आहे’ हे वाक्य ऐकलं की पेन खाली ठेवा.

१५. लिलावाची जाहिरात आलीये. आज सगळे पैसे भरले तर?

उशीर झालाय. २०१६ च्या दुरुस्तीनंतर घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधीपर्यंतच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ते पक्कं केलं. जाहिरातीनंतरही पैसे घेऊन बँकेत जा, पण हक्क म्हणून नाही.

कारवाईतच चूक असेल, म्हणजे नोटीस चुकीची, हरकतीला उत्तर नाही किंवा मूल्यांकन हास्यास्पद, तर ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. दिवाणी कोर्टात जाऊन उपयोग नाही, सरफेसीनं ते दार बंद केलंय. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतं, म्हणून बरेच जण तिकडं धाव घेतात. पण न्यायाधिकरण असताना थेट उच्च न्यायालयानं लक्ष घालू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं वारंवार म्हटलंय.

१६. मीच घर विकून बँकेचे पैसे भरले तर?

सगळ्यांत चांगला मार्ग. मागणी नोटीस आल्यावर मात्र बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही. संमती घ्या आणि गिऱ्हाइकाचा धनादेश थेट कर्जखात्यात जाऊ द्या.

१७. लिलावात देण्यापेक्षा कमी आले तर? आणि जास्त आले तर?

कमी आले तर उरलेलं देणं तुमच्या डोक्यावर राहतं. घर सोडलं म्हणजे कर्ज सुटलं, असं आपल्याकडं नाही. बँक उरलेल्या रकमेसाठी न्यायाधिकरणात किंवा दिवाणी कोर्टात जाऊ शकते. जास्त आले तर खर्च वजा करून उरलेले पैसे तुमचे. लेखी हिशोब मागा, आपोआप कुणी आणून देत नाही.

एक फटका कुणी सांगत नाही: लिलावानंतर भांडवली नफ्यावरचा आयकर घरमालकाला लागू शकतो, सगळी रक्कम बँकेनं घेतली तरी. जुनं, स्वस्तात घेतलेलं घर असेल तर करसल्लागाराला आधीच भेटा.

१८. नवरा वारला, कर्ज त्यांच्या नावावर. मला नोटीस आलीये.

ताई, आधी कर्जवाटपाच्या दिवशीचा हिशोब मागा. त्यात कर्ज संरक्षण विम्याचा हप्ता कापलेला असेल, तर दावा करा. बऱ्याच घरांत हा विमा असल्याचं कुणाला माहीतच नसतं. विमा नसेल आणि तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर वारसा म्हणून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच तुमची जबाबदारी आहे. तुमचा पगार, तुमचं स्वतःचं सोनं त्यात येत नाही. घर तारण असल्यामुळं घरावरची कारवाई मात्र होऊ शकते, तेव्हा हप्ता बसवून मागायला (प्रश्न १) उशीर करू नका. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील तुम्हाला मोफत मिळेल.

१९. आमच्या बँकेचा परवानाच रद्द झाला. आता कर्ज भरायचं कुणाला?

अवसायकाला, म्हणजे बंद बँकेचा कारभार आवरायला नेमलेल्या अधिकाऱ्याला. डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला तेव्हा अनेकांना वाटलं, बँक गेली तर कर्जही गेलं. तसं होत नाही. अवसायक बँकेच्या वतीनं वसुली करतो, गहाणखत जिवंत राहतं. तो पदावर बसतो तोच देणी गोळा करायला, त्यामुळं हप्ते बांधून घेण्याऐवजी एकरकमी मागण्याकडं त्याचा कल असतो.

त्याच बँकेत तुमची ठेवही असेल, तर ठेव विम्याचे ५ लाखांपर्यंतचे पैसे तुमच्या नावावरचं कर्ज वजा करून मिळतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा मुळात नाहीच. कर्ज पूर्ण फेडलं असेल, तर गहाणाचे मूळ कागद आणि बोजा कमी केल्याचं पत्र अवसायकाकडून आत्ताच घ्या. कार्यालय आवरलं की दप्तर कुठल्या गोदामात जातं, हे शोधायला माणूसही सापडत नाही.